बाहीवर गेलेलं अर्धं लेबल

मास्तरीणबाईंना 'फुकट' या शब्दाचा भारी तिटकारा. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "एवढी एक टीप फुकट मारून द्या," की त्या टीप मारून द्यायच्या, पण वर असं काही ऐकवायच्या की पुढच्या खेपेला ते गिऱ्हाईक आधी पैसे ठेवायचं आणि मग कापड. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी सुनेनं कॉम्प्युटरवरून मान न वळवता "आई, नवी सिस्टीम आपल्याला फुकट मिळतेय" असं सांगितलं, तेव्हा मास्तरीणबाईंनी आधी हातातली कात्री खाली ठेवली. भांडताना हातात कात्री धरायची नाही, एवढं पथ्य त्या पाळत.

"कोण देतंय?"

"कंपनी."

"कंपनी काय माझ्या माहेरची आहे?"

"आई, आपण पाच आठवड्यांपूर्वी हा कॉम्प्युटर घेतला. त्यानंतर दहाच दिवसांनी नवी सिस्टीम आली. ज्यांनी नुकताच घेतलाय त्यांना वाईट वाटू नये म्हणून जुनी बदलून नवी देतायत. आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी पाचपर्यंत."

"मग पाच आठवडे काय झोपा काढत होतीस?"

"तीन वेळा सांगितलं तुम्हाला. तिन्ही वेळा म्हणालात, फुकटाचं आपल्या दारात नको."

हे खरं होतं, म्हणून मास्तरीणबाईंनी ते ऐकलं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची मधली भिंत काढून केलेला तो कारखाना होता. खिडक्यांच्या कडेनं सहा मशिनी, मधे कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात वाफ सोडणारी इस्त्री, आणि सगळ्यावर दोऱ्याच्या तुसांचा बारीक थर. मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान, गेल्यावर लोकांना वाटलं होतं की आता इथं कुलूप लागणार. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यातलं वर्षभर बाकावर उभं राहण्यात गेलेलं. पण त्यांनी कुलपाऐवजी दोन मशिनी वाढवल्या. गणवेश, कामगारांचे डगले, हॉटेलातल्या वाढप्यांचे शर्ट. बाईंच्या हातची शिवण कापड फाटेल पण उसवायची नाही, आणि बाईंचं तोंडही तसंच. एकदा बंद झालं की उघडायचं नाही, एकदा उघडलं की बंद व्हायचं नाही.

"ती सिस्टीम म्हणजे नेमकं काय गं?" त्यांनी विचारलं. "मागे सांगितलं होतंस, पण तेव्हा मला ऐकायचं नव्हतं."

सून हुशार होती. सासूला काय कळतं यापेक्षा सासूला काय आवडतं हे तिनं लग्नानंतर पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. ती म्हणाली, "कोटाला अस्तर असतं ना, तसं. वरून दिसत नाही, पण कोट अंगावर बसतो तो अस्तराच्या जिवावर. आपल्या कॉम्प्युटरचं अस्तर जुनं आहे. रुग्णालयानं नर्सबायांच्या कोटांचा आराखडा पाठवलाय ना, तो या अस्तरावर उघडतच नाही. सकाळपासून सात वेळा करून पाहिलं."

आता मास्तरीणबाईंचा चेहरा बदलला. रुग्णालयाचं काम म्हणजे एकशे साठ कोट, तेरा मापांत. शाळांचे गणवेश देऊन झाले होते, आणि गेले तीन आठवडे सहापैकी तीनच मशिनी चालत होत्या. बायका आळीपाळीनं घरी बसत; आज नमुन्यांसाठी तेवढं सगळ्यांना बोलावलं होतं. कुणी तक्रार केली नव्हती. पण काजवाली, जी काज करायची आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायची, ती गेले आठ दिवस काही बोलली नव्हती, आणि ते तक्रारीपेक्षा वाईट होतं. उद्या सकाळी दहाला रुग्णालयाच्या मुख्य नर्सबाईंना लहानमोठ्या मापांचे दोन नमुने शिवून दाखवायचे होते. नाही दाखवले तर काम नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्याला जाणार होतं.

"विकत घे," बाई म्हणाल्या.

"नुसती सिस्टीम विकत अजून आठ दिवसांनी मिळेल. आधी आपल्यासारख्या नुकताच कॉम्प्युटर घेतलेल्यांना देतायत."

बाई टेबलाभोवती एक चक्कर मारून आल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी बेतलं जात होतं हे बायकांना कळलं, आणि सहाही जणींनी पायडलवरचा पाय हलका केला.

"हे बघ," त्या शेवटी म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला कपडा दिला, आणि महिन्याच्या आत तो बगलेत काचला, तर आपण उसवून पुन्हा बसवून देतो. पैसे घेतो का?"

"नाही."

"मग ते फुकट असतं का?"

"नाही."

"मग हेही फुकट नाही. त्यांनी मला काचणारा माल दिला, आता बसवून देतायत. माझा हक्क आहे तो. पाच आठवडे वाट बघायला लावली, लाज नाही वाटत मेल्यांना!"

सुनेनं हसू गिळलं आणि कंपनीचं पान उघडलं. पावती हवी होती. ती लोखंडी कपाटात घडी घालून होती. मग सून थांबली. पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाली, "आई, खोक्यावरच्या लेबलाचा फोटो हवाय. पूर्ण लेबल, एकाच फोटोत."

सहाही मशिनी थांबल्या. इस्त्री तेवढी फुसफुसली.

"खोकं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"खोकं," काजवाली म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

खोक्याचं काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. या कारखान्यात पुठ्ठा वाया जात नसे. चांगला जाड पुठ्ठा दिसला की त्याचे फर्मे व्हायचे. फर्मा म्हणजे बाही, कॉलर, खिसा यांचा कापलेला नमुना. कापडावर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा, की झालं. आणि कॉम्प्युटरचं खोकं कसलं होतं! दुपदरी, टणक, वाकेल पण मोडायचं नाही. कॉम्प्युटर टेबलावर चढून तासभर झाला नव्हता तेवढ्यात कटरनं खोक्याचे चार तुकडे केले होते. कॉम्प्युटरपेक्षा खोक्याचंच कौतुक जास्त झालं होतं.

हा कटर म्हणजे डावरा. डाव्या हातानं कात्री चालवायचा म्हणून डावरा. वय पन्नाशीचं, बावीस वर्षं याच टेबलाशी उभा. खोक्याच्या एका बाजूची त्यानं बाही कापली, उरलेल्या तुकड्याची बाईंनी स्वतः कॉलर कापली. लेबल बरोबर मधे होतं.

कॉलर खिळ्याला टांगलेली सापडली. तिच्या एका टोकाला लेबलाचा अर्धा भाग. काळ्या उभ्या रेघा, त्याखाली अर्धवट तुटलेले आकडे.

"आणि बाही?" सुनेनं विचारलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं, पण कुणीतरी विचारायला हवंच होतं.

बाही डावऱ्याबरोबर गेली होती.

या धंद्यात एक रिवाज आहे. कटर काम सोडून निघाला की तो दोनच गोष्टी नेतो, आपली कात्री आणि आपल्या हातानं कापलेले फर्मे. पुठ्ठा मालकाचा असला तरी रेघ त्याची असते. त्याला कुणी अडवत नाही. मास्तरांनीही कधी कुणाला अडवलं नव्हतं. डावरा गेला तेव्हा काखेत फर्म्यांचा गठ्ठा घेऊन जिना उतरला, आणि समोरच्या फुटपाथला, चार घरं सोडून, एका उघड्या गाळ्यात एक मशीन टाकून बसला.

तो का गेला, ते दोघांकडून दोन तऱ्हेनं ऐकायला मिळे. डावरा म्हणे, मला हाकललं. बाई म्हणत, मी दार दाखवलं नाही, दार कुठे आहे एवढंच सांगितलं. झालं होतं असं, की कॉम्प्युटर आल्यावर तिसऱ्या दिवशी डावऱ्यानं त्याच्याकडे बघून नाक मुरडलं, आणि बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुरड नाक. पण याला दिवसातून चार कप चहा लागत नाही, हा रुसत नाही, आणि मापही चुकत नाही." सहा बायका हसल्या. बाईंना आपलं बोलणं अर्ध्या तासानं जरा जास्तच झाल्यासारखं वाटलं, पण तोवर गठ्ठा बांधून झाला होता. आणि बाईंचा स्वभाव म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

सुनेनं फोन लावला. फोन लांब धरला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

"बाही आहे," डावरा म्हणाला. "अर्धं लेबलही आहे. कॉलर घेऊन या इकडे."

"त्याला सांग, बाही घेऊन इकडे ये," बाई म्हणाल्या.

"त्यांना सांगा, मी तो जिना चढणार नाही."

"त्याला सांग, मी त्याच्या पायऱ्या चढायला रिकामी नाही."

"मीच जाते की कॉलर घेऊन," सून म्हणाली.

"खबरदार! ती कॉलर माझी आहे. तिथं नेलीस तर पुठ्ठ्यावर ठेवून रेघ मारून घेईल तो. बावीस वर्षं माझ्या कॉलरवर डोळा आहे त्याचा."

"ऐकतोय मी," फोन म्हणाला.

"ऐकावंच म्हणून बोलतेय."

घड्याळात साडेअकरा झाले होते. शेवटी तोडगा काढला काजवालीनं. मधे बटणवालीचं दुकान आहे. ना याचं ना त्याचं. दोघांनी आपापला पुठ्ठा आपापल्या हातात धरून तिथं यायचं.

बटणवालीचं दुकान म्हणजे एक लांब गल्लीच होती, दोन्ही भिंतींना लहान लहान खण, आणि प्रत्येक खणाबाहेर एक बटण शिवलेलं. बटणवाली मास्तरीणबाईंच्याच वयाची. तिला दुपारच्या आधी गिऱ्हाईक नसे आणि बातमी तर कधीच पुरत नसे. बाई कॉलर छातीशी धरून आत आल्या, मागे सून. डावरा आधीच येऊन उभा होता, बाही काखेत.

"या!" बटणवालीनं गल्ला बाजूला सरकवला. "कसला सोहळा आहे हा?"

"अगं," बाई डावऱ्यापासून तीन हातांवर उभ्या राहून म्हणाल्या, "सांग त्याला, बाही इथं ठेव."

"तो बहिरा झालाय का?"

"सांग."

"अरे, बाही ठेव म्हणतात."

"त्यांना म्हणावं, आधी कॉलर."

"अगं, आधी कॉलर म्हणतोय. आणि तू म्हणे शिळा कॉम्प्युटर घेऊन आलीस? दहा दिवस थांबली असतीस तर ताजा मिळाला असता!"

"मी वाट बघायला जन्माला आले नाही."

"आणि आता काय करतेयस?"

बाईंनी बटणवालीकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरी कुणी असती तर उसवली असती. बटणवाली तशीच हसत राहिली. ओळख चाळीस वर्षांची होती.

दोन्ही तुकडे एकदमच काउंटरवर टेकले. सुनेनं मोबाइल वर धरला. पण लेबल काही जुळेना. बाहीची कड एका बाजूला वळलेली, कॉलरचं टोक दुसऱ्या बाजूला. मधे फट राही, रेघा तिरक्या होत, आणि एक आकडा तर कात्रीनं असा उभा चिरलेला की तो पूर्ण व्हायला दोन्ही बाजूंनी श्वास रोखून धरावा लागे.

"थोडं वर," सून म्हणाली.

बाईंनी कॉलर वर सरकवली.

"जास्त झालं," डावरा पुटपुटला.

"कुठे जास्त झालं? तुझी बाही खाली झुकलीय."

"बाही सरळ आहे. तुम्ही टोक दाबताय म्हणून कॉलर उचलतेय."

"मग दाब सोडते. आता?"

"सूतभर उजवीकडे. हां. आणखी केसभर. थांबा! हलू नका."

दोघांची डोकी काउंटरवर इतकी जवळ आली होती की बटणवालीनं खुर्ची ओढून नीट बैठक मारली. बोलायचं नाही हे दोघंही विसरले होते. नंतर बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की कामाचं बोलणं हे बोलणं धरत नाहीत.

फोटो निघाला, कंपनीकडे गेला. दोन मिनिटांनी परत आला. लेबलावर बोट दिसतंय, म्हणे.

"कुणाचं?" दोघांनी एकदम विचारलं.

"दोघांचीही," सून म्हणाली.

दुसऱ्या खेपेला बटणवालीनं चार मोठी ओव्हरकोटाची बटणं आणून कोपऱ्यांवर वजनाला ठेवली. हात मोकळे झाले. यावेळी फोटो गेला तो गेलाच. मोबाइलवर उत्तर झळकलं. अभिनंदन, तुमची खरेदी पात्र ठरली आहे.

"पात्र!" बाई म्हणाल्या. "माझा माल, माझी पावती, आणि हे मला पात्र ठरवतायत."

डावऱ्यानं बाही उचलली. काखेत घातली. काही बोलायचं होतं त्याला, पण तो बटणांच्या खणांकडेच बघत राहिला. बाईंनाही काहीतरी बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "बटणवाले, तुझी बटणं मोजून घे," आणि निघाल्या.

नवी सिस्टीम चढायला तीन तास लागले. पडद्यावर एक गोल फिरत होता आणि त्याखाली आकडा, शंभरात किती झालं त्याचा. बाई दर पाच मिनिटांनी विचारत, "किती?" सून सांगे, "अडतीस." पुन्हा विचारत. "अडतीसच." "एवढ्या वेळात मी पँट शिवली असती." एकोणनव्वदवर तो आकडा असा अडून बसला की काजवाली म्हणाली, हा पण रुसला वाटतं. कुणी हसलं नाही. बाईंनी ऐकलं, पण ओठ मिटून दोरा ओवत राहिल्या. सुईच्या नेढ्यात तो तिसऱ्या वेळी गेला.

तीन वाजता आराखडा उघडला. सुनेनं मापं घातली, तेरा कोट तेरा रंगांच्या रेघांनी पडद्यावर एकात एक उभे राहिले. सगळ्या जणी मशिनी सोडून पाठीमागे गोळा झाल्या. दिसायला मोठं देखणं होतं, हे बाईंनीही कबूल केलं, म्हणजे काही बोलल्या नाहीत. कागद छापून निघाले, चिकटपट्टीनं जोडले गेले. जुन्या पांढऱ्या चादरीतून नमुन्याचे दोन कोट बाईंनी स्वतः बेतले. एक लहान मापाचा, एक मोठ्या. कच्च्या टाक्यानं तासाभरात उभे केले.

लहान कोट सगळ्यांत बारीक पोरसवदा शिवणारणीला असा बसला, की तिनं तो काढायलाच नको म्हटलं. मोठा काजवालीला घातला. काजवाली अंगानं भरलेली.

"हात वर कर," बाई म्हणाल्या. "नर्सबाई आहेस. माणूस उचल."

काजवालीनं इस्त्रीची गादी उचलली. आणि तिच्याबरोबर अख्खा कोट वर गेला. खालची पट्टी कमरेपर्यंत, बगलेत ताण, पाठीवर तंबू.

"गुदमरलं," काजवाली आतून म्हणाली.

बाईंनी बाजू उसवून अर्धा इंच सोडला. कोट सैल झाला, पण हात वर केला की पुन्हा तेच. बाहीला सोडलं. आणखी वाईट. चूक आहे हे त्यांना आंधळ्यालाही दिसावं इतकं दिसत होतं. कुठे आहे ते दिसत नव्हतं. त्या शिवणाऱ्या होत्या. आयुष्यभर त्यांनी बेतलं ते दुसऱ्याच्या रेघेवरून, आधी मास्तरांच्या, मग डावऱ्याच्या. कॉलर तेवढी त्यांची स्वतःची.

"कंपनीनं तर बरोबर दिलंय सगळं," सून रडवेली झाली. "सिस्टीम नवी आहे, आराखडा उघडला, मापं चुकली नाहीत."

"मापं नाही चुकली," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी टेप गळ्यातून काढला, घडी करून टेबलावर ठेवला, आणि जिना उतरल्या. सहा बायका आणि सून खिडक्यांना जाऊन चिकटल्या. मशिनी बंद, कारखाना बिनआवाजाचा.

डावऱ्याच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. बाई तिन्ही चढल्या. आत एक मशीन, एक बल्ब, भिंतीवर फर्म्यांची रांग. बावीस वर्षांच्या बाह्या. एका हँगरवर कुणाची तरी दुरुस्तीची पँट, आणि बाकी हँगर रिकामे. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एवढी सभ्यता त्यांच्यात होती.

"मोठ्या मापाचा कोट हात वर केला की चढतोय," त्या म्हणाल्या. "बाजू सोडली, बाही सोडली. मला उमगत नाहीये."

डावऱ्याच्या हातात काळ्या दोऱ्याचं रीळ होतं. तो ते फिरवत राहिला.

"काय म्हणालात?"

"ऐकलंस तू."

"ऐकलं. पण मास्तरीणबाई, जे बोललात ते इथं बोलला नव्हतात. वर बोललात. सगळ्यांसमोर."

बाईंच्या तोंडाशी तीन उत्तरं आली, तिन्ही धारदार. त्यांनी एकेक करून ती आत घेतली, आणि प्रत्येक गिळताना मान थोडी हलली. खिडकीतून पाहणाऱ्या बायकांना वाटलं, बाई होकार देतायत.

"मग चल वर," त्या म्हणाल्या.

जिन्यावर दोघांच्या पावलांचा आवाज ऐकून सगळ्या जणी धावत मशिनींवर जाऊन बसल्या आणि बिनदोऱ्याच्या मशिनी जोरात चालवू लागल्या.

"पुरे," बाई म्हणाल्या. "थांबवा."

मशिनी थांबल्या. बाई टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या. काजवाली अजून त्या कोटातच होती, घामानं डबडबलेली.

"सगळ्या ऐका. दोनदा सांगणार नाही. हा डबा माप चुकत नाही, हे मी म्हणाले होते. अजून म्हणते, चुकत नाही. पण कपडा मापाला घालत नाहीत, माणसाला घालतात, आणि ते याला ठाऊक आहे, त्या डब्याला नाही. मलाही नाही." त्या डावऱ्याकडे वळल्या. "तुला सगळ्यांसमोर चहावरून बोलले, ते चुकलं माझं. झालं? आता बघ, ती बिचारी आत शिजतेय."

डावरा पुढे झाला. त्यानं काजवालीचा हात धरून वर केला, खाली केला, बगलेत दोन बोटं घातली. "मेल्या, गुदगुल्या होतात," काजवाली किंचाळली. त्यानं लक्ष दिलं नाही.

"मुंढा खाली गेलाय," तो म्हणाला. मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात ते गोल. "मापं वाढवताना या कॉम्प्युटरनं सगळंच वाढवलंय, सारख्या हिशेबानं. पण बाई जाड झाली म्हणून तिची काख खाली घसरत नाही. मुंढा वर घ्या. मोठ्या पाच मापांना पाऊण इंच. बाहीची टोपी, वरची गोलाई, तेवढी बसकी करा."

"वर घेतला तर काचेल," बाई म्हणाल्या.

"खाली आहे म्हणूनच काचतोय."

बाईंनी सुनेला पडद्याकडे खुणावलं.

सुनेनं पडद्यावर रेघ पकडली, आकडा घातला. पाचही मापांचे मुंढे एका क्षणात वर सरकले, त्यांच्याबरोबर पाच बाह्यांनी आपला आकार बदलला. डावरा वाकून बघत होता. पाच मापांचे मुंढे बदलायला त्याला दोन दिवस लागत.

"परत कर," तो म्हणाला.

सुनेनं परत करून दाखवलं.

"आता तो खिसा... डाव्या हातानं काम करणारीही एखादी असेल नर्स. तो खिसा दुसऱ्या बाजूला नेता येतो?"

सुनेनं नेला. डावऱ्यानं खुर्ची ओढली. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं आणि पुन्हा चादर टेबलावर पसरली. साडेसहाला काजवालीनं नव्या कोटात गादी उचलून डोक्यावर धरली. कोट जागच्या जागी. ती तशीच गादी घेऊन दोन्ही खोल्यांतून मिरवून आली.

डावरा निघताना दाराशी थांबला.

"मी परत कामाला येणार नाही हं. दुकान टाकलंय आता."

"बोलावलंय कुणी?" बाई म्हणाल्या. "उद्या रुग्णालयात मात्र चल. त्या नर्सबाईंनी मुंढ्याचं विचारलं तर मी काय सांगू? नऊला खाली उभा राहा."

"साडेनऊ. सकाळी एक गिऱ्हाईक येतंय पँट न्यायला."

"सव्वानऊ."

"साडेनऊ म्हणालो ना."

"बरं, साडेनऊ. आणि पोचल्यावर बोलायचं मी. तू फक्त हात वर करून दाखवायचा."

"आणि रुग्णालयातून परत आल्यावर?"

"परत आल्यावर काय? चार कप लागतात तुला, ते दुकानात कोण करून देणार आहे? इथंच ये."